नजरेनं बेतलेले चार सदरे

टाचणीनं उभ्या आयुष्यात माप घ्यायला फीत वापरली नाही. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहिलं की ती त्याला एकदा वरून खाली बघायची, एकदा खालून वर बघायची, तोंडातल्या टाचण्या न काढता ‘हं’ म्हणायची, आणि माप झालं. आठव्या दिवशी कपडा असा अंगावर बसायचा, की जणू माणूस त्याच्यासकटच जन्माला आलंय. कुणी कौतुकानं विचारलं, तर ती म्हणायची, “कापड खोटं बोलतं, अंग बोलत नाही.” तोंडात टाचण्या असल्यामुळे हे कुणाला धड ऐकू यायचं नाही, पण पटायचं सगळ्यांना.

गेल्या सहा महिन्यांत मात्र तीन कपडे परत आले होते. एका वकिलाचा कोट काखेत धरत होता. एका नवरीचा झगा कंबरेत अडकला. तिसरी समोरच्या घरातली शेजारीण. ती तर बिचारी खाली मान घालून म्हणाली, “तुमचं काही नाही हो, माझंच काहीतरी झालंय.” ते टाचणीला सगळ्यांत जास्त लागलं. तिनं डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाला, “नजर लख्ख आहे तुमची.” ही नजर लख्ख, मग ती दुसरी कुठे गेली?

सून दुकानात तिच्याच हाताखाली शिकली होती. ती बोलली काहीच नाही. एका सकाळी बेतायच्या टेबलावर नवीकोरी फीत दिसली, गोगलगायीसारखी अंग मिटून बसलेली. टाचणीनं ती उचलून खणात टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर. पुन्हा खणात. चार दिवस दोघी एक अक्षर न बोलता तिची ने-आण करत राहिल्या. पाचव्या दिवशी टाचणीच म्हणाली,

“शनिवारी मी मैत्रिणींबरोबर समुद्रावर चाललेय, ठाऊक आहे ना? चार सदरे बेतलेत. कुणाला न बघता, न मोजता. चारही बसले, तर ही फीत मला पुन्हा दिसायची नाही. एक जरी बसला नाही, तर सोमवारी दुकानाची किल्ली तुझ्या हातात.”

“आई, काहीतरीच काय? किल्ली मागितली कुणी?”

“मागितली नाहीस, म्हणून तर देईन म्हणतेय.”

सून मशीनपाशी जाऊन बसली. टाचणीला वाटलं, विषय संपला.

या सदऱ्यांची गोष्ट जुनी. वीस-एकवीस वर्षांच्या चौघी मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहायच्या. चार खाटा, एक खिडकी, आणि खिडकीबाहेर धुलाईच्या कारखान्याची मागची भिंत. चौघींचे वाढदिवस दीड महिन्यात पाठोपाठ यायचे आणि एकीलाही त्या दिवशी सुट्टी मिळायची नाही. एकीची रुग्णालयात पाळी, एकीची परीक्षा, एकीची भट्टी, एकीची मशीन. शेवटी ठरलं, की वाढदिवस एकत्रच करायचे. एक शनिवार-रविवार गाठायचा, समुद्रावर जायचं आणि तिथं चौघींनी एकदम एका वर्षानं मोठं व्हायचं. “म्हणजे म्हाताऱ्या होताना कुणी मागं राहायला नको,” असं तेव्हा चौघींतली ढमी म्हणाली होती. म्हातारपण म्हणजे दुसऱ्या गावाला जाणारी गाडी आहे आणि आपण चुकून तिच्यात कधीच चढणार नाही, असं वाटायचे ते दिवस.

पहिल्या वर्षी टाचणीनं पडद्याच्या उरलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडातून चार सदरे शिवले. तेव्हापासून रिवाज पडला. केक आधी, सदरे नंतर, आणि केक कापल्याशिवाय कुणी सदरा अंगाला लावून बघायचा नाही. लग्नं झाली, बाळंतपणं झाली, एकीचा नवरा गेला, एकीचा टिकला. कधी एखादं वर्ष चुकायचं. पण गेली दोन वर्षं लागोपाठ चुकली होती, आणि या वर्षी चौघी बासष्टीच्या झाल्या.

बसमधून उतरल्यावर टाचणीनं तिघींना पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. जशाच्या तशा! सिस्टर तीच, छाती पुढे काढून वॉर्डात शिरल्यासारखी चालणारी. मास्तरीण तीच, चार पावलं टाकून थांबणारी आणि बोट उचलून काहीतरी समजावणारी. आणि ढमी तर ढमीच. वसतिगृहात दोन खुर्च्या लागायच्या तिला, म्हणून ते नाव.

“काय गं टाचणे, अजून जिवंत?” ढमीनं मिठी मारली.

“तुझा केक खाऊन वाचले ना दर वर्षी, मग आता कशानं मरते!”

घर तेच होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, पुढे लाकडी पायऱ्यांची ओसरी आणि पायऱ्या संपल्या की वाळू. खिडकीची कडी तेव्हाही लागत नव्हती, आताही लागत नव्हती. वारा तेव्हाचाच असावा. आत येताना त्यानं ओळख विचारली नाही. टाचणीनं सदऱ्यांचं गाठोडं कपाटात ठेवलं आणि कपाटाला पाठ लावून क्षणभर उभी राहिली. परीक्षेचा पेपर देऊन आलेल्या पोरीसारखं तिला झालं होतं.

जेवणं झाल्यावर ढमी म्हणाली, “अगं, केक आणला, पण पाव विसरले. भट्टीवाल्या बाईनं पाव विसरावा म्हणजे कमालच! टाचणे, तू आणि मास्तरीण बाजारातून घेऊन या ना.”

“सगळ्याच जाऊ की.”

“माझे पाय सुजलेत,” सिस्टर म्हणाली.

“मग तू बस पाय वर करून. ढमे, तू चल.”

“माझेही सुजलेत,” ढमी घाईघाईनं म्हणाली.

बाजार दीपगृहाच्या पलीकडे होता, अर्ध्या तासाच्या वाटेवर. मास्तरणीनं त्या वाटेचा दीड तास केला. तिनं तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. दिसेल त्या खडकापाशी ती थांबायची. हा खडक कसा झाला, लाटेनं त्याला कसं पोखरलं, भरती दर दिवशी उशिरा का येते. टाचणी म्हणाली, “अगं बाई, तास संपला, घंटा झाली!” तर ही म्हणे, “एकच मुद्दा राहिलाय.” पाव मिळाले. परतीच्या वाटेवर पुन्हा तेच खडक, उलट्या क्रमानं.

घरी आल्या तेव्हा आतून कडी होती. दार वाजवल्यावर आत धावपळ झाली, काहीतरी पडलं, आणि मग ढमीनं दार उघडलं. तिचा चेहरा लाल. सिस्टरच्या डाव्या बोटाला पट्टी.

“हे काय झालं?”

“कांदा चिरताना,” सिस्टर म्हणाली.

“कांदा कशाला चिरत होतीस?”

“नव्हतेच चिरत. चिरणार होते.”

टाचणीला हसू आलं. काहीतरी शिजतंय हे कळलं तिला, पण तिला वाटलं, आपल्यासाठी भेट वगैरे लपवत असतील. माणूस स्वतःच्या काळजीत असलं, की दुसऱ्याचं कारस्थानही त्याला गोड दिसतं.

ऊन कलल्यावर केक कापला. चौघींनी एकच सुरी धरली, नेहमीसारखी, आणि नेहमीसारखा केक वाकडा कापला गेला. मग टाचणीनं गाठोडं सोडलं. निळ्यापांढऱ्या बारीक पट्ट्यांचं कापड. पहिल्या वर्षीच्या पडद्यासारखं मिळावं म्हणून तिनं तीन गावं पालथी घातली होती.

तिघी आतल्या खोलीत गेल्या. टाचणी ओसरीवर बसली, दोन्ही हात गुडघ्यांखाली दाबून.

सिस्टर आधी बाहेर आली. सदरा बसला होता. छातीला बसला, कंबरेला बसला. मागून मास्तरीण आली. पाठीवर एक सुरकुती नाही, पुढचा घेर सरळ. मग ढमी आली, एक गिरकी घेतली आणि म्हणाली, “बघ! जणू अंगावरच विणलाय!”

टाचणीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.  सहा महिने सलणारा काटा निघाला होता. वकील चुकला, नवरी चुकली, शेजारीण चुकली. ती नव्हती चुकली. “थांबा, मीपण घालते,” म्हणत ती पोरीसारखी आत पळाली.

आतल्या आरशासमोर तिनं सदरा अंगात घातला, बटणं लावली आणि वर बघितलं.

बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या होत्या. डावा खांदा कसाबसा बसला होता, उजवा घसरून दंडावर आला होता. पोटाशी मूठभर कापड लोंबत होतं. आरशातली बाई कुणा थोरल्या बहिणीचा सदरा घालून उभी होती.

तिघींचे बसले आणि माझाच नाही? चोवीस तास जे अंग माझ्याबरोबर असतं, तेच?

ती तशीच बाहेर आली. तिघींनी तिच्याकडे बघितलं. ढमीचं तोंड उघडं राहिलं, आणि मास्तरीण अगदी हळू म्हणाली, “अगं बाई, हिचा राहिला.”

“माझा काय राहिला?”

 टाचणी सिस्टरपाशी गेली, तिच्या कुशीजवळची शिवण दोन बोटांत धरली आणि बोटं खालपर्यंत फिरवली. मशीनची टीप बोटाखाली सरळ जाते, वाळूवरच्या साध्या रेघेसारखी. ही रेघ नव्हती. एक टाका, गाठ. एक टाका, गाठ. प्रत्येक टाक्याला स्वतःची गाठ आणि गाठीपाशी दोरा नखाएवढा कापलेला. जगात असं कुठलाही शिंपी शिवत नाही. असं शिवतात ते माणसाच्या कातडीला. एक टाका तुटला, तरी जखम उघडी पडू नये म्हणून.

“सिस्टर,” टाचणी म्हणाली, “पेशंट वाचेल ना?”

ढमी फस्‌कन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

“कल्पना कुणाची?”

“माझी नाही,” तिघी एकदम म्हणाल्या.

“मग?”

“तुझ्या सुनेची,” ढमी बोलून गेली. सिस्टरनं तिला कोपर मारलं, पण बाण सुटला होता. “अगं मारतेस काय? सांगू दे! तिनं फोन केला मला बुधवारी. रडत होती. म्हणाली, मावशी, सदरे बसले नाहीत तरी बसले म्हणा. आईंनी दुकान सोडलं तर त्या महिनाभरात आजारी पडतील. मला किल्ली नको, मला त्या हव्यात.”

टाचणी पायरीवर बसली. समोर भरती येत होती. तिला सुनेचा राग यायला हवा होता, तो आला नाही, आणि तो येत नाही याचाच थोडा आला.  मागे तिघी मेल्याहून मेल्यासारख्या उभ्या.

“खरं सांगा आता,” ती वळून म्हणाली. “मूळचे कसे होते? एकेक सांगा. मला गोड बोलून मारलंत तर बघा.”

“माझा कंबरेशी चार बोटं कमी पडत होता,” सिस्टर म्हणाली. “शिवणीत दाबलेलं सगळं कापड सोडवलं, तेव्हा कुठे मी आत गेले.”

“माझा पाठीत वर चढत होता आणि पुढे गुडघ्यांवर लोंबत होता,” मास्तरीण म्हणाली.

“आणि माझ्यात,” ढमी म्हणाली, “मी आणि आणखी एक भाडेकरू राहिला असता.”

“म्हणजे चारही गेले.”

“गेले,” सिस्टर म्हणाली. तिनं आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांना खरं सांगितलं होतं. ते कसं सांगायचं, तिला माहीत होतं. ती सांगताना जवळ बसली.

मास्तरणीनं मात्र बोट उचललं. “एकच मुद्दा. परत आलेले ते तीन कपडे कुणाचे होते गं? अनोळखी माणसांचे?”

टाचणी आठवू लागली. वकील... त्याच्या कॉलेजचा पहिला सदरा तिनंच शिवला होता. नवरी तिच्या मांडीवर खेळलेली, तिची झबली तिनंच बेतलेली. आणि शेजारीण तर तीस वर्षांची शेजारीण. नव्या, अनोळखी माणसाचा एकही कपडा परत आला नव्हता.

“जेवणाआधी तू आंघोळीला गेलीस आणि आम्ही गुपचूप सदरे घालून बघितले ना,” मास्तरीण म्हणाली, “तेव्हा ढमी म्हणाली, हे कुणाचे गं? आणि मग आम्हाला कळलं कुणाचे ते. वीस-बावीस वर्षांपूर्वी आपण ज्या होतो ना, त्यांना हे बरोबर बसले असते. एक टाका इकडचा तिकडे करावा लागला नसता. माप नाही चुकलीस तू. साल चुकलीस.”

टाचणीनं मान वर केली. बसथांब्यावर ‘जशाच्या तशा’ म्हणून जिचा जीव भांड्यात पडला होता, त्या तिनं तिघींकडे आता पहिल्यांदा बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघावं तसं. वरून खाली. खालून वर. मग तिला नजरेवर भरवसा वाटेना. ती उठली आणि म्हणाली, “सिस्टर, हात वर कर.”

तिनं वीत टाकली. एक वीत, दुसरी वीत, अशा सहा विती, वर तीन बोटं. कंबरेभोवती हात नेताना सिस्टर म्हणाली, “नवऱ्याला पथ्य आहे. त्याच्या पानातलं उरतं, टाकवत नाही, मीच खाते. दोन वर्षं झाली.”

मास्तरणीच्या मानेपासून कमरेपर्यंत वीत टाकताना हात मध्येच उंच झाला. पाठीला बाक आला होता, छोटा, टेकडीसारखा. “पहिल्या बाकावरच्या पोरांच्या वह्या बघायला वाकले,” मास्तरीण म्हणाली, “ती सरळ झालेच नाही. हा खडक कसा झाला, ते सांगायचं राहिलं होतं.”

ढमीच्या दंडाभोवती टाचणीचा एकच हात पुरला. एके काळी दोन्ही हात पुरत नसत.

“ढमे?”

“साखर आहे गं. अडीच वर्षं. माझ्या भट्टीतलं मलाच चालत नाही. लेक चाखते आणि सांगते गोड झालंय की नाही.” ती हसली. “तुम्हाला सांगितलं असतं, तर मला ढमी कोण म्हणालं असतं?”

मघाशी कापलेल्या केकचा तिचा तुकडा बशीत तसाच होता. चौघींनी त्याच्याकडे बघितलं. मग टाचणीनं ढमीला जवळ घेतलं, आणि त्या मिठीत पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात पाठीमागे एकमेकांना भेटले.

“आता तू उभी राहा,” सिस्टर म्हणाली.

“माझं कशाला?”

“चूप. हात बाजूला.” सिस्टरनं तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले, पेशंटला ठेवतात तसे. “उजवा खांदा दीड बोट खाली आहे. कात्रीचा हात. आणि अंग पार उतरलंय गं तुझं. आरसा नाही का दुकानात?”

“आहे. त्यात मी गिऱ्हाईक बघते.”

रविवारी सकाळी त्या ओसरीवर एक वेगळंच दृश्य होतं. ढमी आणि मास्तरीण अंगाला चादरी गुंडाळून पायऱ्यांवर बसल्या होत्या, दोन राण्यांसारख्या, आणि टाचणी त्यांचे सदरे मांडीवर घेऊन गाठी उसवत होती. समोरून फिरायला निघालेलं एक जोडपं गेलं. ढमीनं त्यांना चादरीतून हात काढून नमस्कार केला.

“माझा उसवायचा नाही,” सिस्टरनं अंगातला सदरा दोन्ही हातांनी धरला. “माझे टाके आजवर उसवलेले नाहीत.”

“विद्रूप दिसतंय ते.”

“जखम बरी होण्याशी मतलब. दिसण्याशी नाही.”

“राहू दे मग,” टाचणी म्हणाली. तिनं सुईत दोरा ओवला आणि वसतिगृहात स्वतःच जुळवलेल्या दोन ओळी तिच्या ओठांवर आल्या. कित्येक वर्षांत त्या आल्या नव्हत्या.

सुई चालते पुढे पुढे, दोरा मागून धावतो,
कितीही केली घाई तरी गाठीपाशी थांबतो.

तिघींनी दुसरी ओळ उचलली, बेसूर, आपापल्या पट्टीत.

दोन सदरे हातानं शिवून झाल्यावर तिनं सुनेला फोन लावला. पलीकडे घंटा वाजायच्या आत उचलला गेला.

“आई? बसले का हो सदरे?”

“नाही.”

“एकही नाही?”

“चारही नाहीत. तू ढमी मावशीला फोनवरून दिलेलं औषध लागू पडलं नाही.”

 पलीकडून बारीक आवाज आला, “रागावलात?”

“रागावेन आल्यावर. आधी ऐक. ओळखीच्या माणसाला माझ्या डोळ्यांनी बेतायचं नाही आता. माझे डोळे त्याला आधीपासून ओळखतात, हाच घोळ आहे. बेतायचं तू. शिवायचं मी.”

“आणि किल्ली?”

“दोन करून घे.”

सून हसली की रडली, ते समुद्राच्या आवाजात कळलं नाही. मग नाक ओढत, कामाच्या आवाजात म्हणाली, “मग मावश्यांची मापं सांगा. पुढच्या वर्षीसाठी आत्ताच लिहून ठेवते.”

“पुढच्या वर्षी पुन्हा घ्यायची ती. पण लिही. सिस्टर, कंबर, सहा विती आणि तीन बोटं.”

“आई, तुमची एक वीत म्हणजे किती इंच?”

टाचणीनं स्वतःचा तळवा उघडून बघितला. हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

“काय माहीत,” ती म्हणाली. “सोमवारी हात घेऊन येतेच आहे, मोजून घे.”